प्लाझ्मा न मिळालेली माणसं

२०२० च्या मे महिन्यात मी एमडी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला होते, महाराष्ट्रातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात. एका संध्याकाळी राउंड संपल्यावर सरांनी आम्हा चार रेसिडेंटना खोलीत बोलावलं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, प्लाझ्मा ट्रायलमध्ये आपलं केंद्र आहे, कन्सेंट घ्यायला, नमुने काढायला आणि फॉर्म भरायला दोघं लागतील, असं ते म्हणाले. मी लगेच हात वर केला. तोवरचे दोन महिने आम्ही करोना वॉर्डात जे काही करत होतो, त्यातला ऑक्सिजन सोडला तर कशाचा उपयोग होतोय हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन द्यायचो, ॲझिथ्रोमायसिन द्यायचो, नवा प्रोटोकॉल आला की जुन्यावर लावायचो. पेशंट बरा होऊन घरी गेला तर कशाने बरा झाला ते कळायचं नाही, आणि गेला तर काय केलं असतं तर वाचला असता, तेही कळायचं नाही. हे न कळणं मला रात्री झोपू द्यायचं नाही.

ट्रायलचं नाव प्लॅसिड. देशभरातली ३९ सरकारी आणि खाजगी रुग्णालयं त्यात होती आणि २२ एप्रिलपासून पेशंट घ्यायला सुरुवात झाली होती. कल्पना जुनी आहे. आजारातून उठलेल्या माणसाच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं असतात. त्याच्या रक्तातला पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा, काढून आजारी माणसाला द्यायचा. १९१८ च्या फ्लूच्या साथीतही डॉक्टरांनी हे करून पाहिलं होतं. सरांनी आम्हाला दोन उदाहरणं दिली, ती माझ्या डोक्यात पक्की बसली. अर्जेंटिनात हुनिन नावाच्या विषाणूने होणारा एक रक्तस्रावी ताप असतो, त्यावर अशा प्लाझ्माने मृत्यू खूप कमी होतात हे १९७९ साली नीट तुलना करून सिद्ध झालं. आणि गिनीमध्ये इबोलाच्या साथीत हाच उपाय केला, तेव्हा फरक दिसला नाही. "म्हणजे करोनात काय होईल?" असं मी विचारलं. सर म्हणाले, "ते माहीत असतं तर तुला कामाला लावलं असतं का?"

ट्रायलमध्ये कोण बसतं हे ठरलेलं होतं. फार हलका आजार नको, अगदी शेवटच्या टप्प्यातला नको. रक्तातल्या ऑक्सिजनचं ठरावीक गुणोत्तर २०० ते ३०० च्या मध्ये, किंवा श्वास मिनिटाला २४ हून जास्त आणि साध्या हवेत सॅच्युरेशन ९३ किंवा त्याखाली. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका नाहीत. आणि एक अट अशी होती, की पेशंटच्या रक्तगटाला जुळणारा प्लाझ्मा ब्लड बँकेत हजर असेल तरच त्याला घ्यायचं. कागदावर वाचताना ही अट अगदी सरळ वाटली होती. ती किती जड आहे ते मला पुढे कळलं.

सगळं बसलं की संगणकाने आधीच काढलेल्या क्रमानुसार पेशंट दोनपैकी एका गटात जायचा. एका गटाला नेहमीचे उपचार आणि त्याशिवाय २०० मिलीलिटर प्लाझ्मा, २४ तासांनी आणखी २००. दुसऱ्या गटाला फक्त नेहमीचे उपचार.

दाते मिळवणं हे वेगळंच प्रकरण होतं. तेव्हा बरे झालेले लोकच मोजके, आणि जे होते त्यांना पुन्हा रुग्णालयाची पायरी चढायची नव्हती. मी फोन लावायचे, तर पलीकडून आवाज हळू व्हायचा: "मॅडम, सोसायटीत आत्ता कुठं लोक बोलायला लागलेत आमच्याशी." जे येत ते तासभर मशीनला जोडून बसत. रक्त एका नळीने बाहेर, प्लाझ्मा वेगळा, लाल पेशी पुन्हा आत. आमच्याच वॉर्डातल्या एक सिस्टर करोनातून उठून कामावर आल्या आणि पहिल्याच दिवशी म्हणाल्या, माझा घ्या. त्यांना दोन मुलं. गरोदरपण येऊन गेलेल्या बाईच्या रक्तात कधीकधी अशी प्रतिपिंडं असतात, की ती प्लाझ्मा घेणाऱ्याच्या फुफ्फुसाला इजा करू शकतात, म्हणून अशा बायकांचा प्लाझ्मा घ्यायचा नव्हता. हे त्यांना सांगताना मला वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "बरं मग, मी पिशव्या लावीन." आणि आमच्या केंद्रातल्या निम्म्याअधिक पिशव्या त्यांनीच लावल्या. पहिली पंधरा मिनिटं खाटेजवळून हलायचं नाही, थंडी, पुरळ, धाप बघत उभं राहायचं. पीपीई किट घालून, घामाने निथळत त्या उभ्या असत.

माझं मुख्य काम कन्सेंटचं. मराठी संमतीपत्र अनेक पानी होतं आणि त्यात 'यादृच्छिक पद्धतीने' असा शब्द होता. मला स्वतःला तो दोनदा वाचावा लागला. ऑक्सिजनचा मास्क लावलेला, दर दोन शब्दांनी थांबणारा माणूस तो कसा समजून घेणार? म्हणून मी पहिल्या काही पेशंटना नाणेफेक म्हणून सांगितलं. क्रिकेटमुळे सगळ्यांना चटकन कळायचं. पण तिसऱ्या की चौथ्या पेशंटला प्लाझ्मा नसलेला गट मिळाला, तेव्हा त्याची मुलगी फोनवर म्हणाली, "म्हणजे आम्ही टॉस हरलो." आणि रडायला लागली. मी फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले. माझ्याच शब्दाने मी तिला हरवलं होतं. प्लाझ्मा मिळणं म्हणजे जिंकणं, हे मी न बोलताही त्या एका शब्दात सांगून टाकलं होतं, आणि ते खरं आहे की नाही हेच तर आम्हाला शोधायचं होतं. त्या दिवसापासून तो शब्द मी सोडला, पण दुसरा सापडत नव्हता.

तो मला एका पेशंटने दिला. जूनचा पहिला आठवडा. एसटीत चालक असलेले एक काका, चोपन्न वर्षांचे. सॅच्युरेशन ९१, श्वास २८. घरचे सगळे क्वारंटाइन सेंटरमध्ये, मोठा मुलगा फोनवर. मी खाटेशेजारी स्टूल ओढून बसले. किटमधून आवाज नीट पोचत नाही, म्हणून ओरडून बोलावं लागायचं आणि ओरडून बोललं की माणूस घाबरतो. काकांना विचारलं, कुठल्या रूटला होतात? त्यांनी बोटांनी खुणा करत घाटाचं नाव सांगितलं. मग मी म्हटलं, "काका, समजा गावाला जायला दोन रस्ते आहेत. एक नेहमीचा. दुसरा नवा, लोक म्हणतात बरा आहे, पण अजून कुणी मोजलेलं नाही. कदाचित लवकर पोचेल, कदाचित काहीच फरक पडणार नाही, कदाचित वाटेत दरड असेल."

त्यांनी मास्क जरा उचलला. "मग दोन्हीकडनं गाड्या सोडून बघायला पाहिजेत," ते म्हणाले. थोडं थांबून, दम घेऊन, "पण चांगल्या गाड्या सगळ्या एकीकडं अन् खटारा सगळा दुसरीकडं, असं नको."

मी स्टुलावरून उठलेच. जे मला महिनाभर सांगता येत नव्हतं ते ह्या माणसाने अठ्ठावीसच्या श्वासात दोन वाक्यांत सांगितलं होतं. निवड डॉक्टरच्या हातात दिली, तर डॉक्टर जास्त सिरियस किंवा जास्त आशा असलेल्या माणसाला प्लाझ्मा देईल, मग तुलनाच राहणार नाही. म्हणून निवड संगणकाकडे. पुढच्या प्रत्येक कन्सेंटला मी काकांचीच वाक्यं वापरली.

त्यांनी सही केली. वॉर्डातला कागद बाहेर आणता येत नसे. आम्ही तो पारदर्शक पिशवीत घालून काचेच्या दाराला आतून लावायचो आणि बाहेरून कुणीतरी फोटो काढायचं. वॉर्डबॉय मामांनी फोटो काढला. थोड्या वेळाने गट कळला. काका नेहमीच्या रस्त्याला.

मुलाला फोन केला. तो हुशार होता, सगळं वाचलेला.

"मॅडम, एकच विचारतो. बाबांच्या ग्रुपची पिशवी आत्ता तुमच्या ब्लड बँकेत आहे का?"

"आहे."

"आणि तुम्ही ती देणार नाही."

"नाही."

बराच वेळ तो बोलला नाही. मी अटीचं म्हणते ती ही. पिशवी नसती तर काकांना ट्रायलमध्ये घेताच आलं नसतं. म्हणजे दुसऱ्या गटातल्या प्रत्येक माणसाच्या वाट्याची एक पिशवी शंभर पावलांवर फ्रीजरमध्ये होती, हे आम्हाला ठाऊक असायचं. मी मुलाला म्हटलं, "उपयोग होतो हे मला माहीत असतं, तर मी स्वतः धावत जाऊन आणली असती. मला माहीत नाही. आणि नाव कधीही काढून घेता येतं, त्याने उपचारात काही कमी होणार नाही." तो म्हणाला, बाबांशी बोलतो. रात्री त्याचा मेसेज आला: बाबा राहू दे म्हणतात.

पुढचे दिवस मी काकांकडे इतरांपेक्षा जास्त वेळा गेले, हे खरं आहे. त्यांना पालथं झोपवायचं, तासांचा हिशेब ठेवायचा, रक्त पातळ राहण्याची इंजेक्शनं वेळेवर जातात का बघायचं. नेहमीचा रस्ता म्हणजे काही न करणं असा लोकांचा समज होता, आणि तो समज खोटा ठरवायचा तर नेहमीचं सगळं काटेकोर व्हायला हवं होतं. अकराव्या दिवशी ते ऑक्सिजनशिवाय बाथरूमपर्यंत चालत गेले.

एक चूक माझ्या हातून झाली. दुसऱ्या एका पेशंटचा सातव्या दिवसाचा नमुना राहून गेला. त्यांना वरच्या मजल्यावर हलवलं होतं, मी सलग ड्युटीत होते, आणि आठव्या दिवशी दुपारी वही उघडल्यावर लक्षात आलं. क्षणभर मनात आलं, आज काढून कालची तारीख टाकली तर कुणाला कळणार आहे. सरांकडे गेले. त्यांनी आवाजही चढवला नाही. "डेव्हिएशन लिही. काय झालं, का झालं, सही, तारीख." त्या फॉर्मांवर खाडाखोड चालत नाही, चुकलं तर वरून एक सरळ रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं इतकं मला ह्या एका रेघेने शिकवलं. आजही केसपेपरवर मी तशीच रेघ मारते.

१६ जूनला इंग्लंडहून बातमी आली. ऑक्सफर्डच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये डेक्सामेथासोन हे साधं, जुनं, काही रुपयांचं स्टेरॉइड २,१०४ जणांना दिलं आणि ४,३२१ जणांना दिलं नाही. व्हेंटिलेटरवरच्या लोकांतले मृत्यू एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांतले एक पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना फायदा नाही. २७ जूनला आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या उपचारपद्धतीत ते आलं आणि ट्रायलच्या दोन्ही गटांना मिळू लागलं. साथीत स्टेरॉइड द्यावं की नाही यावर तोपर्यंत जाणकारांचे दोन तट होते. आमच्या विभागातही त्यावरून जेवणाच्या टेबलावर आवाज चढायचे. वाद मिटला तो त्या ४,३२१ माणसांमुळे, ज्यांना औषध मिळालं नाही. मला त्यांच्यातल्या एकाचंही नाव माहीत नाही. त्या रात्री आमच्या खोलीत मी आणि माझी रूममेट त्यांच्याबद्दल बोलत जागलो.

आता ज्यांच्याबद्दल लिहायला मन धजत नाही त्यांच्याबद्दल. प्लाझ्मा मिळालेल्या गटातल्या एक ताई, माझ्या मोठ्या बहिणीच्या वयाच्या. पहिली पिशवी गेली तेव्हा त्यांच्या नवऱ्याने फोनवर मला आशीर्वाद दिले. दुसरी दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी गेली. चौथ्या दिवशी त्यांना आयसीयूत हलवलं, आठव्या दिवशी त्या गेल्या. त्यांच्या नवऱ्याचा नंतर फोन आला, भांडायला नव्हे. त्यांना फक्त एवढं जाणून घ्यायचं होतं, की दुसरी पिशवी लावायला उशीर झाला होता का, आणि तिसरी दिली असती तर. मी फॉर्म काढून त्यांना वेळा वाचून दाखवल्या, तास आणि मिनिटं. ते प्रत्येक आकड्याला 'हं' म्हणत होते. मी खाडाखोड करून कधी काही बदललं नव्हतं, कुठली वेळ मागाहून भरली नव्हती, म्हणून मला त्या माणसाला खरं ते सांगता आलं. त्याहून जास्त देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

१४ जुलैला शेवटचा पेशंट घेतला गेला. देशभरात मिळून ४६४. प्रत्येकाचा २८ व्या दिवसापर्यंत पाठपुरावा. मी फोन करायचे तेव्हा लोक आधी घाबरायचे, रुग्णालयाचा नंबर बघून. चालक काकांनी मात्र हसून उचलला आणि विचारलं, "रस्ता मोजून झाला का?" म्हटलं, अजून नाही.

सप्टेंबरमध्ये निकालाचा मसुदा सगळ्यांना वाचायला खुला झाला, ऑक्टोबरमध्ये तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. मी तो हॉस्टेलच्या जिन्यात बसून मोबाइलवर वाचला. प्लाझ्मा मिळालेले २३५. त्यांतले ४४ जण एकतर अत्यवस्थ झाले किंवा २८ दिवसांत वारले. न मिळालेले २२९, त्यांतले ४१. टक्क्यांत १९ आणि १८. नुसते मृत्यू बघितले तर ३४ आणि ३१. मी आकडे पुन्हा पुन्हा वर-खाली करत राहिले. सातव्या दिवशी धाप आणि थकवा प्लाझ्माच्या गटात थोडा कमी दिसला होता, पण आपल्याला पिशवी लागली आहे हे पेशंटला आणि डॉक्टरलाही ठाऊक होतं, त्यामुळे त्या फरकावर मी फार भार टाकणार नाही. मला सगळ्यात जास्त थांबवलं ते एका वेगळ्याच ओळीने. ट्रायलमध्ये आले त्याच दिवशी सुमारे ८३ टक्के पेशंटांच्या रक्तात विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं आधीच होती. आम्ही बाहेरून जे द्यायला धावत होतो ते त्यांच्या शरीराने स्वतःच तयार करायला घेतलं होतं. आणि दात्यांच्या प्लाझ्मातलं प्रतिपिंडांचं प्रमाण बरंचसं कमी निघालं. ट्रायल सुरू झाली तेव्हा ते आधी मोजून घ्यायची खात्रीची चाचणीच हाताशी नव्हती. यावर टीका झाली आणि ती रास्त आहे. पण पुढे रिकव्हरी ट्रायलने भरपूर प्रतिपिंडं असलेला प्लाझ्मा निवडून घेतला, ११,५५८ लोकांवर तुलना केली, आणि दोन्ही गटांत मृत्यू २४ टक्केच आले.

२०२० च्या ऑगस्टपर्यंत अमेरिकेत ७० हजारांहून जास्त लोकांना प्लाझ्मा दिला गेला होता, बहुतेक सगळा तुलनेसाठी दुसरा गट न ठेवता, आणि तिथल्या औषध प्रशासनाने त्याला तातडीच्या वापराची परवानगीही दिली होती. आमच्या ४६४ जणांनी जो प्रश्न सोडवला, तो त्या ७० हजारांना सोडवता आला नाही, कारण दुसऱ्या रस्त्यावर कुणी गाडी सोडलीच नव्हती. हे मी कुणाला कमी लेखायला म्हणत नाही. माणूस डोळ्यांसमोर गुदमरत असताना हाती असलेली पिशवी देऊ नये, हे सोसणं फार कठीण आहे. मी ते सोसलं आहे.

आणि तरीही २०२१ चा एप्रिल आला तेव्हा मोबाइल प्लाझ्माच्या मागण्यांनी भरून गेला. बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा, अर्जंट, खाली नंबर. लोक एका शहरातून दुसऱ्या शहरात गाड्या पळवत होते. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देत होते आणि नातेवाईक ऑक्सिजनच्या रांगेतून उठून ब्लड बँकेच्या रांगेत जात होते. देशाच्या उपचारपद्धतीतून प्लाझ्मा काढला गेला तो १७ मे २०२१ ला. आमचा निकाल छापून येऊन तोवर जवळपास सात महिने झाले होते. ह्या सात महिन्यांचा मला अजून राग येतो.

त्या एप्रिलमध्ये एका रात्री दीड वाजता फोन वाजला. चालक काकांचा मुलगा. काका ठीक होते. त्यांचे धाकटे भाऊ दुसऱ्या जिल्ह्यात एका रुग्णालयात, सॅच्युरेशन ८९, तिथल्या डॉक्टरांनी सकाळपर्यंत प्लाझ्मा आणायला सांगितलेला. एक दाता सापडला होता, पण तो दीडशे किलोमीटरवर, आणि गाडीसाठी ई-पास काढायचा होता.

"मॅडम, तुम्ही ते करत होता ना. शेवटी काय निघालं?"

मी दोन्ही गटांचे आकडे सांगितले. ४४ आणि ४१.

"आमचे बाबा यातले कुठले?"

"२२९ मधले."

मागे काही बोलणं झालं आणि काकांनी फोन घेतला. आवाज भरदार, मास्कशिवायचा आवाज मी त्यांचा तेव्हाच नीट ऐकला. "म्हणजे झाला मोजून," ते म्हणाले.

"झाला, काका. काही फरक नाही."

"मग गाडी नको काढू म्हणून सांगतो याला." क्षणभर थांबले. "करायचं काय ते सांगा."

मी म्हटलं, तिथल्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा, लिहून घ्या. डेक्सामेथासोन चालू आहे का. रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन चालू आहे का. आणि पालथं झोपवतात का, दिवसातून किती तास. पलीकडे काका एकेक शब्द मोठ्याने म्हणत होते आणि मुलगा लिहून घेत होता.